वाळूवर बर्फाची तालीम

विघ्नहर्त्या गजाननास, आणि ज्यांचे पिताश्री डोळ्यांना दिसत नसूनही ज्यांच्यावाचून कोणाचा श्वास चालत नाही त्या मारुतिरायास प्रथम नमस्कार असो. माघ महिन्यातील एका शनिवारी शारजाहून उम्म अल क्वैन आणि तेथून मलेहा असा जो प्रवास आम्हांस घडला, त्याचा वृत्तान्त वाईच्या स्नेह्यांसाठी आणि घरबसल्या वाचणाऱ्या सज्जनांसाठी लिहीत आहे. लोक तीर्थास, लग्नास किंवा औषधोपचारास प्रवास करतात. आम्ही वारा शोधण्यास निघालो होतो.

वाचकांस माझी माणसे सांगतो. चिरंजीव शिरीष खोर फक्कानच्या बंदरात नोकरीस आहे. त्या शनिवारी त्याची पाळी असल्याने तो आमच्यासवे नव्हता. सूनबाई केतकी दुबईत इमारतींचे आराखडे करते. नात ईरा बारा वर्षांची. तिला मराठी उत्तम समजते, परंतु ती उत्तर इंग्रजीतच देते. बिऱ्हाड शारजात. आयुष्यभर पाठशाळेत व्याकरण आणि न्याय शिकवून निवृत्त झालेला मी, तीन महिन्यांच्या मुक्कामास तेथे गेलो होतो.

दोन वर्षांपूर्वी केतकी जिन्यावरून घसरली आणि तिच्या गुडघ्याची शीर तुटली. शस्त्रक्रिया झाली, आठ महिने काठी घेऊन चालणे झाले. त्यानंतर तिने एक खेळ आरंभला. बर्फावर पायांस फळी बांधून उभे राहावयाचे, कमरेस एक प्रचंड कापडी पतंग अडकवावयाचा, आणि वारा नेईल तिकडे नव्हे तर आपण म्हणू तिकडे जावयाचे. ऐकून मी म्हटले होते, "जपून." पुढे दोन महिने मी रोज तेच म्हणत राहिलो.

आता या देशात बर्फ आहे, पण तो एका बाजारसंकुलाच्या पोटात, यंत्राने पाडलेला. तेथे वारा नाही. वारा आहे, पण तो वाळवंटात; तेथे बर्फ नाही. यावर केतकी ज्यात खेळते त्या मंडळाने तोडगा काढला होता. मंगळवारी बाजारात जाऊन वाऱ्याविना घसरावयाचे, शनिवारी वाळूवर चार फुगीर चाकांच्या फळीवरून बर्फाविना ओढले जावयाचे, आणि फाल्गुन लागण्यापूर्वी जॉर्जिया नामक डोंगराळ देशी जाऊन दोन्ही विद्यांचा विवाह लावावयाचा. मंडळात नऊ जण होते. जॉर्जियास जाणाऱ्यांच्या यादीत एकच जागा उरली होती, आणि यादी त्या शनिवारी सायंकाळी बंद होणार होती. केतकीस अट अशी की दूरच्या नारिंगी निशाणापर्यंत जाऊन, वाऱ्याच्या तोंडाकडे चढत, निघाल्या जागी परत यावयाचे. अशा तीन फेऱ्या, एकदाही फळीवरून उतरून न चालता. मागील दोन शनिवारी वारा आला नाही, म्हणून तिची परीक्षाच झाली नव्हती.

शुक्रवारी सायंकाळी मंडळाची सभा फोनच्या पडद्यावर भरली. प्रमुख प्रधान साहेब. ते एका कंपनीत जोखीम मोजण्याचे काम करतात आणि बोलतानाही मोजूनच बोलतात. त्यांच्यापुढे वाऱ्याची तीन भाकिते होती: एक युरोपचे, दुसरे अमेरिकेचे, तिसरे वर्गणी भरून मिळणारे. तिसऱ्यावर सर्वांची श्रद्धा अधिक. दक्षिणा दिली की वचनाचे वजन वाढते, हा माझाही जुना अनुभव आहे.

"गाइज, लिसन," प्रधान म्हणाले, "युरोपियन मॉडेल म्हणतंय उम्म अल क्वैनच्या सबखावर आठ ते साडेनऊ, चौदा नॉट (वाऱ्याच्या वेगाचे माप). अमेरिकन म्हणतंय मलेहाला, नऊ ते अकरा. पेडवालं दोन्हींच्या मध्ये आहे."

"मध्ये म्हणजे कुठे? हायवेवर?" केतकीने विचारले.

"केतकी, प्लीज. सीरियस डिस्कशन चाललंय."

तेवढ्यात त्यांना मागे बसलेला मी दिसलो. "अरे, काका, नमस्कार! काय म्हणतंय पंचांग? उद्या राहुकाळ वगैरे सांभाळायचाय का?"

नऊ चौकटींत नऊ मुखे हसली. शनिवारचा राहुकाळ नऊ ते साडेदहा असतो, हे मी सांगू शकलो असतो. परंतु थट्टेने विचारलेल्यास उत्तर देऊ नये. मी हात जोडले. त्यानंतर पाऊण घटका त्या मंडळींनी आठ की नऊ, नऊ की सव्वानऊ, यावर जो खल केला तो ऐकून मला घरी आल्यासारखे वाटले. मी शेकडो मुहूर्त काढून दिले आहेत. "गुरुजी, थोडा अलीकडे सरकेल का? कार्यालय रिकामे नाही," म्हणणारा वधूपिता जी मुद्रा करतो, तीच मुद्रा येथे पतलून घालून बसली होती. अखेर वाऱ्याने उद्या सबखावर वाहावे, हा ठराव सहा विरुद्ध तीन मतांनी संमत झाला.

एक विषय निर्विवाद होता. जॉर्जियाच्या शिक्षकाने लिहिले होते की खेळ संपताच गरम सूप प्यावे, अन्यथा अंग गारठते. मंडळ हा नियम वाळूवरही पाळी. शिस्त लागावी म्हणून. मी बाहेरचे शिजवलेले घेत नाही, तेव्हा सुपाची जबाबदारी मीच मागून घेतली. आमच्या वाईकडे हुलगे म्हणतात, कोकणात कुळीथ. त्याचे कढण, तुपाची जिऱ्यामिऱ्याची फोडणी, दोन आमसुले. एवढे उष्ण पेय हिमालयातही पुरले असते.

पहाटे पाच वाजता निघालो. गाडी लतीफभाईंची. ते मूळचे दाभोळचे. आमच्या इमारतीखाली त्यांचा बकाला (किराण्याचे दुकान) आहे, आणि कुळीथ त्यांनीच मायदेशाहून मागवून दिले होते. त्यांचे वडील मचवा चालवीत, त्यामुळे वाऱ्याच्या बाबतीत ते कोणाचे ऐकत नाहीत.

निघण्यापूर्वी देवापुढे बसलो असता मी जे केले ते लपवीत नाही. आज वारा न यावा, अशी प्रार्थना मी केली. त्या गुडघ्यासाठी केली.

सबखा म्हणजे समुद्रालगतचे खाऱ्या चिखलाचे वाळलेले पटांगण. सूर्य उगवताना त्यावरचे मीठ असे पांढरे चमकले की क्षणभर मंडळाच्या मूर्खपणास निसर्गानेच पाठिंबा दिल्यासारखे वाटले. दूर उथळ पाण्यात रोहित पक्षी एका पायावर उभे होते. जवळच प्रधान साहेब उभे होते. त्यांनी वायुमापक (वाऱ्याचा वेग सांगणारा छोटा पंखा) हाती धरून बाहू आकाशाकडे उंचावला होता. तप दोघांचे सारखेच, पण पक्ष्यांस काही मिळत होते.

"किती?" कोणी विचारले.

"आजोबा, इट्स झीरो पॉइंट टू," ईरा माझ्या कानाशी म्हणाली. "अँड दॅट्स बिकॉज अंकल इज ब्रीदिंग ऑन इट."

लतीफभाई गाडीला टेकून दात कोरीत होते. "गुरुजी, मी सांगतो तुम्हाला. ही मतलई हाय, जमिनीवरची. नवाला मरेल. मग खारा वारा सुटेल दर्यावरनं. इथंच बसा गप."

मी हे प्रधानांस सांगितले. ते नम्रपणे म्हणाले, "काका, त्यांचा एक्सपीरियन्स आहेच. पण डेटा नाही ना."

नऊ वाजून दहा मिनिटांनी भाकीत बदलले. चौदा नॉट मलेहास गेले. "यल्ला, यल्ला!" प्रधान ओरडले, आणि पाच गाड्या मिठाचा धुरळा उडवीत निघाल्या. आम्ही वीस मिनिटे गेलो असू, तोच ईराने मागून फोन पुढे केला. सबखावर तेरा नॉट वारा सुटला होता. लतीफभाईंनी फक्त आरशात पाहून मिशी नीट केली.

मलेहाची वाळू तांबूस आहे आणि मध्येच काळ्या डोंगरांची एक रांग उघडीबोडकी उभी आहे. पायथ्याशी घट्ट खडीचे मैदान. तेथे आम्ही पोहोचलो, पतंग पसरले, निशाण रोवले, आणि बसलो. दोन उंट आले, आमच्याकडे पाहून निघून गेले. ऊन चढले. लतीफभाईंनी येथेही भविष्य वर्तविले, "इथं आता अस्रपर्यंत (तिसऱ्या प्रहरापर्यंत) पान हलायचं नाय." पान मुळात नव्हतेच.

केतकी फळीवर बसून गुडघ्याचा पट्टा सोडीत होती व पुन्हा बांधीत होती. मी शेजारी बसलो.

"बाबा, एक विचारू? सकाळी देवापाशी काय मागितलंत?"

मी खडीतला एक खडा उचलून बाजूस ठेवला.

"मला वाटलंच," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, म्हणून मला अधिक लागले. "तुम्ही, शिरीष, माझी आई, फिजिओथेरपिस्ट. सगळे जपून, जपून. मी काचेचं भांडं झालेय दोन वर्षं. मला तिकडे जिंकायचं नाहीये हो काही. मला एकदा असं पडायचंय की कोणी धावत येणार नाही."

मी म्हटले, "बाळ, प्रार्थना मागे घेण्याचा विधी मला ठाऊक नाही."

"मग निदान नवी करू नका," ती हसून म्हणाली.

साडेबाराच्या सुमारास भाकीत दुसऱ्यांदा फिरले. वारा म्हणे दीड वाजता सबखावरच. प्रधान साहेबांनी टाळ्या पिटल्या. "पॅक अप, गाइज! पाऊण तासात पोहोचतो!" मंडळींनी भराभर पतंगांच्या घड्या घातल्या, दोऱ्या गुंडाळल्या. केतकी गुडघ्यामुळे वाकण्याउठण्यास नेहमीच सावकाश. तिची एकही दोरी अजून उचलली गेली नव्हती.

आणि माझी मध्याह्न संध्या राहिली होती.

"काका, गाडीत नाही का होणार?" प्रधानांनी घड्याळ पाहत विचारले.

"प्रधान साहेब, चालत्या गाडीत अर्घ्य दिले तर ते लतीफभाईंच्या मस्तकावर पडेल."

"पडू दे की, पाणीच हाय," लतीफभाई म्हणाले. "पण माझा जोहर (दुपारचा नमाज) पण व्हायचाय. आणि गाडीची चावी माझ्याकडं हाय."

"म्हणजे किती वेळ?"

"देवाचं काम हाय, हबीबी. इन्शाल्ला लवकर होईल."

"खलास," म्हणून प्रधान साहेब एका दगडावर बसले. निशाण अजून मैदानातच रोवलेले आणि मंडळाचा पंप व सूप आमच्या गाडीत असल्याने त्यांना आम्हांस सोडूनही जाता येईना.

लतीफभाईंनी गाडीच्या एका बाजूस चटई अंथरली, मी दुसऱ्या बाजूस आसन. घाई करावयाची नाही असे मी ठरविले नव्हते. वयाने ते माझ्यावतीने केव्हाच ठरविले आहे. आचमन झाले, प्राणायाम झाला, सूर्यास अर्घ्य दिले. जप चालू असता खांद्यावरचे उपरणे हलले. मी ते सावरले. ते पुन्हा हलले आणि या वेळी खांदा सोडून निघून गेले.

"आजोबा! युअर शॉल!" ईरा ओरडली.

जप अर्ध्यावर सोडणे शक्य नव्हते. मी डोळे मिटूनच राहिलो. कानांवर मात्र सर्व येत होते: धावणारी पावले, "अठरा! अठरा नॉट!", "अरे माझा पतंग बॅगेत आहे!", "चेन कुठे आहे बॅगेची?" आणि या सर्वांवर, मोठ्या शिडाने एकदम वारा पोटात घ्यावा तसा फडाड आवाज. डोळे उघडले तेव्हा मंडळाचे आठ सभासद पिशव्यांशी झटत होते, आणि केतकी, जिला आवरण्यास नेहमी उशीर होतो ती, मैदानाच्या मध्यावर होती.

लाल पतंग आकाशात एका बाजूस कलला होता. ती मागे रेलून, वाऱ्याला पाठ न देता, तिरकी तिरकी निशाणाकडे चालली होती, आणि चाकांमागून खडीचा बारीक पाऊस उडत होता. पहिली फेरी झाली. दुसरीत परतताना वाऱ्याने तिला मागे रेटले. तिने दोनदा वळणे घेऊन गमावलेले अंतर परत मिळविले. तिसऱ्या फेरीत निशाणापाशी ती पडली. माझा पाय आपोआप उचलला गेला. लतीफभाईंनी माझा दंड धरला.

"गुरुजी, ऱ्हावा."

ती बसल्या जागीच पतंग पुन्हा वर चढवून, त्याच ओढीने फळीवर उभी राहिली. एक पाऊलही न चालता निघाल्या जागी परत आली. ईरा नाचत होती. मी देवाचे नाव घेतले, मात्र या वेळी त्यास काही सांगितले नाही.

प्रधान साहेब आले. त्यांचा चेहरा पडला होता.

"केतकी, सुपर्ब. रिअली. पण एक इश्यू आहे. रेकॉर्डिंग ऑन नव्हतं."

"म्हणजे?"

"अ‍ॅपवर इथे झीरो दाखवत होतं ना. मी घड्याळ बंद करून माझ्याच हातावर ठेवलं होतं."

"आणि तुमचे डोळे? तेही बंद होते?"

"डोळ्यांचा स्क्रीनशॉट पाठवता येत नाही गं जॉर्जियाला."

येथे माझ्यातील शिक्षक जागा झाला. मी म्हटले, "प्रधान साहेब, बसा. ज्ञानाची साधने चार. पहिले प्रत्यक्ष, म्हणजे इंद्रियांनी साक्षात जाणलेले. आपण आठ जणांनी तिन्ही फेऱ्या पाहिल्या. आपण मात्र प्रत्यक्ष टाकून शब्दास धरून बसला आहात; आणि शब्द प्रमाण केव्हा, तर बोलणारा आप्त, म्हणजे विश्वासार्ह, असेल तेव्हा. आज सकाळपासून आपल्या आप्तांनी तीनदा..." ते आदराने ऐकत होते. मी दुसऱ्या साधनाकडे वळलो, अनुमान. धूर आणि अग्नी यांचा दृष्टान्त घेतला. तेव्हा माझ्या ध्यानात आले की श्रोत्यांची मान माझ्याकडे नसून मैदानाकडे आहे. केतकीने प्रधानांच्या मनगटावरचे नोंद ठेवणारे घड्याळ केव्हाच काढून स्वतःच्या हातावर चढविले होते. माझा वाद अनुमानापर्यंत पोहोचला होता, सूनबाई निशाणापर्यंत.

तिने तिन्ही फेऱ्या पुन्हा केल्या. उपमानाचे विवेचन राहून गेले ते राहूनच गेले.

मग सूप. दुपारचा दीड, खडीतून वाफा निघत होत्या, आणि बारा माणसे उकळते कढण फुंकून पीत होती. घामाच्या धारा लागल्या, प्रधानांचा चष्मा दोनदा धुरकटला, पण नियम तो नियम.

"काका, हे डेंजरसली गरम आहे," ते म्हणाले, आणि पेला पुढे केला. "अजून आहे?"

कढणाबरोबर श्रेयाचीही वाटणी झाली. प्रधान साहेबांना चौथे एक भाकीत सापडले, ज्यात मलेहा आणि पाऊण वाजता हे दोन्ही होते. लतीफभाई म्हणाले की आपण 'अस्रपर्यंत' म्हणालो होतो आणि हा काळ अस्रच्या आतच येतो. सूर्यनारायणाचे नाव माझ्याही ओठांवर आले होते. परंतु सकाळी मी उलटेच मागितले होते, तेव्हा कढणासह ते गिळले. खरे इतकेच होते की आम्ही दोघे म्हातारे उपासनेस बसलो, म्हणून भाकीत फिरूनही आठ घाईची माणसे एका जागी राहिली, आणि त्या दिवशी तेवढे कोणीच कोठे केले नव्हते.

परतताना शारजाच्या वेशीवर नेहमीची कोंडी लागली. गाड्या मुंगीच्या पावलाने सरकत होत्या. केतकीच्या फोनवर शिरीषचा आवाज आला.

"झालं? खरंच? ग्रेट! पण केतकी, जॉर्जियाचे आठ दिवस म्हणजे... बाबांचं तिकीट त्याच गुरुवारचं आहे ना? माझ्या तर नाइट शिफ्ट. ईराकडे कोण?"

"हो," केतकी म्हणाली. मग, "बघू."

तो 'बघू' मी ओळखला. बायका तो उच्चारतात तेव्हा पाहण्यासारखे काही उरलेले नसते.

"शिरीष," मी म्हटले, "माझे तिकीट दहा दिवस पुढे कर."

"अहो बाबा, तुम्हीच म्हणालात ना, त्या गुरुवारनंतर महिनाभर तुम्हाला प्रवासाला दिवस नाही म्हणून?"

म्हणालो होतो. गणितही अचूक होते. परंतु ज्या शास्त्राने अडचण घातली त्यानेच वाटही ठेवली आहे. तिचे नाव प्रस्थान. शुभ वेळी स्वतः निघणे जमत नसेल, तर अक्षता, सुपारी आणि अंगावरचे एक वस्त्र यांचे गाठोडे बांधून ते घराबाहेर दुसऱ्याच्या घरी ठेवावे. प्रवास तेव्हाच सुरू झाला असे धरतात, मनुष्य सवडीने निघतो. मात्र सामान्य माणसास पाच दिवसांची मुभा, मांडलिकास सात, राजास दहा. मी विचार केला आणि आजोबा या नात्याने स्वतःस राजा ठरविले.

"लतीफभाई," मी विचारले, "गुरुवारी सकाळी आपल्या दुकानी माझे एक गाठोडे ठेवाल का? दहा दिवस."

"ठेवा की. आत काय हाय?"

"मी आहे, असे समजावे."

ते मोठ्याने हसले. "मग गुरुजी, कांद्याच्या बाजूला नाय ठेवत. काजूच्या बाजूला ठेवतो. तुमचा मान हाय."

केतकी खिडकीकडे तोंड करून बसली होती.

ती गेली. आठ दिवस ईराने माझ्या हातचे जेवण "नॉट बॅड" ठरविले. गाठोड्याची किंमत दोन गिऱ्हाइकांनी विचारली. त्यांना लतीफभाईंनी, "तो माल नाय, पाहुणा हाय," असे सांगून परत पाठविले. केतकी आली ती नाकाचे साल निघालेली आणि आवाज बसलेली. मी काही विचारण्यापूर्वीच म्हणाली, "बाबा, चारदा पडले. कोणी आलं नाही." तो आनंद मी पाहिला. एवढा आनंद मला तिच्या लग्नातही दिसला नव्हता.

दहाव्या दिवशी गाठोडे उचलून मी विमानात बसलो. आपल्या माणसांचे रक्षण करावे हे आम्ही पोथीत शिकलो. त्यांना पडू द्यावे हे कोठे लिहिले आहे ते शोधतो आहे. सापडले नाही तरी ते खरे आहे असे आता वाटते.

वाचकहो, आपल्या घरी धान्याची कोठी भरलेली राहो, वडीलधाऱ्यांच्या सांध्यांस आराम पडो, लेकीसुनांच्या वाटेत कोणी काळजीने आडवे न येवो, आणि जे पडतील त्यांना आपल्याच पायांनी उठण्याचे बळ परमेश्वर देवो. शुभं भवतु.